धारोष्ण दूध आणि नव्व्याण्णव मेंढरं

देवाची बाजू लढवायला मी आयुष्यात बऱ्याचदा उभा राहिलो आणि बहुतेक वेळा देवाचंच नुकसान करून खाली बसलो. त्यातली ही एक हकिगत. सांगताना कान अजून गरम होतात, पण शेवटाला पोचलो की छातीवरचं ओझं नव्यानं उतरल्यासारखं वाटतं, म्हणून मी ती सांगत राहतो. बायको म्हणते, आता पुरे झालं. मात्र तिच्या तोंडचं एक वाक्य या गोष्टीत आहे, आणि ते गाळलं तर तीच स्वयंपाकघरातून ओरडून आठवण करून देते.

नव्वदच्या दशकात मी बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात लॅबला होतो. दुधाची फॅट काढायची, डिग्री बघायची, भेसळ पकडायची, हे काम. मूळचा मी नगरकडचा, घरात तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. प्रकल्पात माझ्याशिवाय दुसरा ख्रिस्ती नव्हता, त्यामुळे रुजू झालो त्याच आठवड्यात माझं नाव ‘फादर’ पडलं. डब्याच्या सुट्टीत मी सगळ्यांना समजावून सांगितलं, की बाबांनो, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, फादर नसतात, पाळक असतात, आणि मी तर तोही नाही. याचा परिणाम एवढाच झाला, की तोवर जे मला नावानं हाक मारत होते तेही फादर म्हणू लागले.

या नामकरणाचा म्होरक्या होता आमचा बॉयलरवाला. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचा. त्याच्या आज्यापर्यंत घरात मेंढरंच मेंढरं. बाप तरुणपणी कळपामागं मुलूखभर हिंडलेला. मग पाणी आलं, शेती आली, म्हशी आल्या, आणि लेक मोटरसायकलवर बसून एमआयडीसीत आला. काटेवाडीत खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला गावी जायचा. त्याची जीभ अशी, की तिच्यापेक्षा बॉयलरची वाफ परवडली.

“फादर, ती पाण्याचा द्राक्षरस केल्याली गोष्ट खरी हाय का रं?”

“खरी आहे.”

“मंजी पाणी घातलं आन् माल वाढला.”

“घातलं नाही, पाण्याचाच झाला...”

“मग आपल्या टेबलावर त्यो नापास. आमच्याकडं रोज कितीतरी जण पाण्याचं दूध करत्यात, त्यास्नी कोण देव म्हणत न्हाय. उलट तू त्यांची नावं फळ्यावर लिवतो.”

सगळे खो खो हसले. मीही हसायला हवं होतं, कारण विनोद चांगलाच होता. पण मला वाटलं, मी हसलो तर वर कुणीतरी माझ्या नावापुढं फुली मारेल. म्हणून मी गंभीर चेहरा करून भाकरी चावत बसलो. गंभीर चेहऱ्यानं भाकरी चावणारा माणूस किती हास्यास्पद दिसतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग मी तयारीनं जाऊ लागलो. रात्री घरी बसून त्याच्या शंकांची उत्तरं एका कागदावर मुद्देसूद लिहायचो आणि कागद डब्याच्या पिशवीत ठेवायचो. एकदा जेवताना तो कागद काढून मी वाचायला लागलो. पहिला मुद्दा झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्या मुद्द्यावर लोणच्याचं तेल सांडलेलं. अक्षर लागेना. मी कागद उजेडात धरला, उलटा धरला. बॉयलरवाला शांतपणे म्हणाला, “दे हिकडं. निदान भाकरीला तरी लाव.”

माझा सगळ्यात मोठा डाव म्हणजे कॅलेंडर. मंडळीतून मिळालेलं, वर उत्तम मेंढपाळाचं रंगीत चित्र. पांढऱ्याशुभ्र झग्यातला प्रभू, मानेवर कोकरू, भोवती कापसासारखी मेंढरं. मी ते लॅबच्या भिंतीवर टांगलं. मेंढरांच्या घरातला माणूस, हे चित्र पाहून तरी विरघळेल, असा हिशेब. तो आला, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला.

“ही मेंढरं कुठली रं? धुऊन इस्त्री केल्याली?”

“चित्र आहे ते.”

“आन् पांढरा झगा घालून मेंढरामागं? एका दिसात पिवळा हुईल.” मग तो जवळ गेला, बोट लावून म्हणाला, “एवढं मातूर बराबर हाय. मानंवर घेतलं की चारी पाय म्होरं असंच धरत्यात. काढणाऱ्यानं कुणाला तरी इचारलं आसंल.”

मी खूश झालो आणि त्या भरात त्याला हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत सांगितला. शंभर मेंढरं असलेला माणूस, त्यातलं एक हरवतं, आणि तो नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो. सापडलं की खांद्यावर घालून आनंदानं घरी आणतो. सांगून झाल्यावर मी गप्प राहिलो. अशा वेळी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला हवं असतं.

“नव्व्याण्णव कुणाच्या भरवशावर सोडली?” त्यानं विचारलं.

“तो मुद्दा नाही.”

“मुद्दा कसा न्हाय? लांडगा आला मंजी? आमच्या बापानं आसं केलं आसतं तर आज्यानं त्याला वाघरीच्या खुट्यानं बडवला आसता.” वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळीचं कुंपण. “तुझा देव मेंढपाळ न्हाय फादर. हौशी हाय.”

हौशी! हा शब्द माझ्या अंगात काट्यासारखा रुतला. लहानपणापासून मी ज्या मेंढपाळाची गाणी गात आलो, त्याला या बॉयलरवाल्यानं एका शब्दात नवशिका ठरवलं होतं. आणि उत्तर मला येत नव्हतं. येणार कुठून? मेंढराशी माझा संबंध ताटापुरता.

पुढचे पंधरा दिवस हाच विषय. “नव्व्याण्णव कुठं हायती फादर?” असं तो गेटवर विचारायचा, डबा खाताना विचारायचा. त्याच दिवसांत वरकुट्याच्या अचानक तपासणीची पाळी माझ्यावर आली.

ही तपासणी अशी असायची. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर प्रकल्पाचा माणूस न कळवता सकाळी जायचा आणि गावकऱ्यांनी आणलेलं दूध त्यांच्यादेखत तपासायचा. मुख्य हत्यार लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात तरंगणारी काचेची नळी. दुधात पाणी असेल तर ती जास्त बुडते, आणि लोक म्हणतात, डिग्री लागली नाही. डिग्री लागली नाही की दूध परत, आणि त्या माणसाचं नाव केंद्राच्या फळ्यावर, पुढं एकच शब्द: पाणी. आठ दिवस ते नाव पुसायचं नाही असा तिथला दंडक. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव दूध घेऊन तिथं येतं. त्यामुळे फळ्यावरचं नाव म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

योगायोगानं त्या दिवशी बॉयलरवाल्याची सुट्टी होती. तो माझ्याच टेंपोत बसला. बारामती सोडली तेव्हा आम्ही नव्व्याण्णव मेंढरांवर होतो आणि वरकुट्याला उतरलो तेव्हाही तिथंच. टेबल मांडलं, रांग लागली, मी नळ्या धुतल्या, आणि तोंडानं माझी वकिली चालूच. तो बाजूला उभा राहून एकेक फाटा फोडत होता आणि रांगेतले लोक दूध विसरून आमचा सामना बघत होते.

“आरं पण त्यो मालक हाय का चाकर? चाकर आसंल तर नोकरी गेली त्याची!”

एवढ्यात रांगेतून एक उंच, वाळका म्हातारा पुढं आला. लाल पागोटं, हातात किटली. बॉयलरवाल्याचे वडील. गावात सगळे त्यांना आबाच म्हणत. आज म्हशीनं पान्हा उशिरा सोडला, म्हणून ते धार काढून तसेच पळत आले होते. दुधावर फेस होता, किटलीतून वाफ निघत होती.

“सायेब,” आबा म्हणाले, “दूध अजून ऊन हाय. धारोष्ण. जरा दम धरा.”

आता हे मी तुम्हाला सांगायलाच हवं. नुकत्याच काढलेल्या ऊन दुधात लॅक्टोमीटर टाकायचा नसतो. ऊन दूध पातळ असतं, त्यात हवा असते, नळी हमखास खाली जाते, आणि चोख दुधातही पाणी असल्यासारखं दिसतं. दूध निवू द्यायचं, हलवायचं, मग बघायचं. हा माझ्या धंद्यातला पहिला धडा. नव्या पोरांना मीच तो शिकवायचो, फळ्यावर थर्मामीटर काढून.

पण मी त्या वेळी एका हातात नळी आणि दुसऱ्या हाताचं बोट बॉयलरवाल्याच्या छातीकडं रोखून उभा होतो. “विज्ञानाला दम धरायला वेळ नसतो, आबा,” असं काहीतरी मी म्हणालो. अगदी हेच म्हणालो. नळी सोडली. ती खाली गेली.

“पाणी आहे,” मी म्हणालो.

पंधरा दिवसांत पहिल्यांदाच बॉयलरवाल्याचं तोंड मिटलं. आबा नळीकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिले. मी खडू घेतला. माझं अक्षर सुंदर आहे, त्याचा मला गर्व आहे. त्या सुंदर अक्षरात मी फळ्यावर आबांचं नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, पाणी. आणि खरं सांगायचं तर लिहिताना मला गोड वाटलं. देवाला हौशी म्हणतो काय? बघ म्हटलं.

आबांनी किटली उचलली. रांग बाजूला सरकली, आणि ते मधून चालत गेले.

नियमाप्रमाणे नापास दुधाचा नमुना मी बाटलीत भरून बर्फाच्या पेटीत ठेवला होता. दुपारी लॅबमध्ये परत आलो, बाटली काढली, नोंद करायची म्हणून नळी पुन्हा टाकली. दूध आता थंड होतं. नळी टुणकन वर आली आणि नेमकी जिथं उभी राहायला हवी तिथं उभी राहिली. मी नळी पुसली, पुन्हा टाकली. पुन्हा तेच. फॅट काढली. एवढं घट्ट, एवढं चोख दूध आठवडाभरात टेबलावर आलं नव्हतं.

समोर भिंतीवर कॅलेंडर. मी त्याच्याकडं पाठ केली.

पुढं मी जे केलं ते लिहायला हात जड होतो. मी खरं सांगू शकलो असतो. केंद्रावर फोन होता, टेंपो संध्याकाळी पुन्हा तिकडंच जाणार होता. पण त्या फोनवर मला म्हणावं लागलं असतं की मी चुकलो, आणि का चुकलो तर देवाची बाजू मांडण्यात गुंग होतो. सगळा प्रकल्प पुढची दहा वर्षं हसला असता. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, चहाला दूध संपलंय. मी बाटली पुढं केली. अशा रीतीनं आबांच्या निर्दोषपणाचा एकमेव पुरावा आम्ही चौघांनी चहातून पिऊन टाकला. चहा फक्कड झाला होता. सगळ्यांनी तारीफ केली.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी वाट बघत होतो. कोणी काही विचारलं नाही. बॉयलरवाला खाली बघून जेवला, डबा धुतला आणि जाता जाता माझ्यापाशी थांबला. त्यानं मला माझ्या नावानं हाक मारली. फादर नव्हे. माझं आईबापांनी ठेवलेलं नाव.

“तुझंच बराबर हुतं,” तो म्हणाला. “खोट आमच्याच घरात निघाली. आबा म्हणतो म्या घातलं न्हाय. पर नळी काय खोटं बोलती व्हय?”

एवढं बोलून तो बॉयलरकडं गेला.

थट्टा थांबली. ज्यासाठी मी कागद लिहिले, कॅलेंडर टांगलं, ते घडलं. वादात मी जिंकलो होतो. आणि चार दिवस मला घास गिळवत नव्हता. गेटवर कुणी नव्व्याण्णवांची चौकशी करीना. इतकी शांतता, की बॉयलरची शिट्टी झाली तरी मी दचकायचो. त्याच्या थट्टेत वाईट एवढंच होतं, की ती मला झोंबायची. माझ्या गप्प बसण्यापायी एक म्हातारा रोज दोन वेळा फळ्यासमोरून जात होता.

आणि दुसरी एक गोष्ट त्या दिवसांत माझ्या लक्षात यायला लागली. तो दृष्टांत मी किमान दोनशे वेळा ऐकला असेन. एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की ती नव्व्याण्णव कुठं राहिली. मी ते मेंढरू कॅलेंडरवरचं धरून चाललो होतो. या माणसानं ती गोष्ट टिंगल करण्यासाठी का होईना, पण खरी धरली होती. खरी मेंढरं, खरं रान, खरा लांडगा. दोघांत विश्वासानं कुणी ऐकली म्हणायची?

शनिवारी रात्री मी बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल प्रार्थना करू. तिनं भाजीचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली:

“देवाला वकील लागत नाही. त्या आबांना लागतोय. आणि त्यांच्याविरुद्धचे खोटे साक्षीदार तर तुम्हीच.”

हेच ते वाक्य. सांगितलं बरं का मी.

रविवारी उपासनेला गेलो. शेवटचं गीत सुरू झालं तसा उठलो आणि थेट स्टँडवर. अंगात रविवारचा पांढरा शर्ट, इस्त्रीचा. इंदापूरची एसटी धरली, फाट्यावर उतरलो, पायी चालत वरकुट्यात गेलो. आबा घरी नव्हते. म्हशी लेकासुनांच्या हवाली करून रिकाम्या वेळेत ते अजून दहा-बारा मेंढरं चारायचे. सवय मोडत नाही म्हणून. एका बाभळीखाली ते बसले होते. पुढ्यात एक मेंढी पाय दुमडून दगडासारखी पडलेली.

“या सायेब,” आबा म्हणाले. एवढंच.

मी बाजूला बसलो आणि बोलायला सुरुवात केली. मुद्द्यावर यायचं धाडस होईना, म्हणून लांबून आलो. आधी हवामानाचा दुधावर परिणाम, मग काचेच्या उपकरणांच्या मर्यादा, मग मानवी स्वभाव. आबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, “सायेब, तुमी मला शाळा शिकवाया आलाय का काय सांगाया आलाय?”

“आबा, तुमच्या दुधात पाणी नव्हतं. चूक माझी. दूध ऊन होतं, तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि त्याच दिवशी दुपारी मला कळलं होतं. पाच दिवस मी गप्प बसलो.”

बोलून झालं.

“मला ठावं हुतं,” आबा म्हणाले.

“काय?”

“म्या पाणी घातलं न्हाय, ह्ये मला न्हाय ठावं व्हनार तर कुणाला? मग चुकी कुणाची ऱ्हायली? म्या वाट बघत हुतो, कवा येता त्ये.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? लेकाला तरी सांगायचं.”

“सांगितलं की. त्यानं नळीचं ऐकलं.” “त्यो मला म्हणत हुता, तुमच्या देवाची कायतरी मेंढराची गोष्ट हाय. नव्व्याण्णव टाकून एकामागं जातो म्हणं.”

मी मान खाली घातली. आता हेही ऐकायचं होतं.

“बराबर हाय ती,” आबा म्हणाले.

मी वर बघितलं.

“पोरगं माझं बॉयलरवर वाढलं. त्याला काय म्हाईत? एक हरवलं की जायाच लागतं. बाकीची वाघरीत घालायची, कुत्री असत्यात, दुसरा गडी आसतो. टाकून कोण जातं? गोष्ट सांगणाऱ्यानं त्ये सांगितलं नसंल, कारण ऐकणाऱ्यास्नी ठावं हुतं. आन् जायाच का लागतं, तर हरवल्यालं मेंढरू वरडत न्हाय. भेलं की बसतं. ह्ये बघा, आसं. हाक मारली तर उत्तर न्हाय, उठवलं तर उठत न्हाय. उचलूनच आणाय लागतं.”

त्यांनी पुढ्यातल्या मेंढीकडं बोट दाखवलं. मेंढी माझ्याकडं बघत होती. आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखलं असावं.

आयुष्यभर मी स्वतःला त्या गोष्टीत मेंढपाळाच्या शेजारी कुठंतरी उभा धरत आलो होतो, त्याचा सेक्रेटरी असल्यासारखा. फार तर नव्व्याण्णवांतला एक. शंभरावं आपण असू शकतो, तेही पाच दिवस दातखीळ बसून, हे कधी सुचलंच नव्हतं.

“माफ करा आबा,” मी म्हणालो.

“केलं. पर हितं बाभळीला सांगून काय उपेग? माझं नाव भिताडावर हाय. सांजच्याला सारी दूध घेऊन येत्यात. तितं चला.” ते उठले. “आन् हिच्या खुराला लागलंय, चालत न्हाय. माझी पाठ धरलीया. धरा जरा.”

मला कळायच्या आत त्यांनी ती मेंढी माझ्या मानेवर ठेवली आणि चारी पाय माझ्या छातीवर आणून हातात दिले. कॅलेंडरवर होते तसेच. फक्त कॅलेंडरात वजन दाखवत नाहीत. वासही दाखवत नाहीत. वस्तीच्या अर्ध्या वाटेवर आलो तेव्हा मेंढीनं माझ्या पाठीवर लघवी केली. सावकाश, मनापासून. रविवारचा पांढरा शर्ट कमरेपर्यंत पिवळा झाला.

“एका दिसात,” बॉयलरवाला म्हणाला होता. एक तासही लागला नाही.

मेंढी वस्तीवर उतरवून केंद्रावर गेलो, तर रांग लागली होती. मी त्या शर्टासकट फळ्यासमोर उभा राहिलो. लोक आधी नाक धरून मागं सरले, मग गंमत बघायला पुढं आले. मी मोठ्यानं सांगितलं, की आबांचं दूध चोख होतं, मी ऊन दुधात नळी टाकली, आणि कळल्यावरही लपवलं. केंद्राचे सचिव डोळे वटारून बघत राहिले. मागून एक जण म्हणाला, “नमुना कुठाय मग?”

“चहात,” मी म्हणालो.

आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं. मग जे हसू फुटलं ते रांगेच्या टोकापर्यंत गेलं. आबाही हसले, पागोटं सावरत. मी ज्या हसण्याला पाच दिवस घाबरलो होतो ते हेच. ते अंगावर आलं आणि मी मेलो नाही. उलट मला एकाएकी भूक लागली.

मी फडकं घेऊन आबांचं नाव पुसलं. सचिव म्हणाले, झालं, मिटलं. पण आबा म्हणाले, “आठ दिस झालं न्हाईत. तीन दिस ऱ्हायल्यात.”

“मग?”

“फळा मोकळा कसा ठेवायचा?”

मी खडू घेतला. एक बाई म्हणाली, “आवो सायेब, तुमच्या धर्मात तर माफ करत्यात म्हणं. मग ह्ये कशापायी?”

माझ्याआधी आबाच बोलले. “माफी म्या दिलीया. फळा गावाचा हाय.”

मी माझं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. पुढं लिहिलं, पाणी. अक्षर त्या दिवशी वाकडं आलं.

रात्री घरी पोचलो तेव्हा बायकोनं दारातच शर्ट काढायला लावला आणि मग विचारलं, “झालं?” मी झालं म्हणालो. ती हसून पाणी तापवायला गेली.

सोमवारी आधी लॅबच्या साहेबांना सांगितलं. मेमो मिळाला, तो रास्तच होता, आणि गावच्या तपासण्या माझ्याकडून काढून घेतल्या. मग बॉयलरकडं गेलो. बातमी त्याला माझ्याआधी पोचली होती. तो पाठ करून मीटर बघत होता. मी म्हणालो, “तुझ्यासमोर तुझ्या वडिलांना चोर ठरवलं मी. आणि तुला त्यांच्यावर अविश्वास ठेवायला लावलं.”

वाफेचा फसफस आवाज चालू होता. मग तो तिकडंच बघत म्हणाला, “तू नळी टाकली. पर नळीचं ऐकलं म्या. काल केंद्रावर फोन केला हुता आबाला.” त्यानं मीटरची काच पुसली. “त्यानं येकच इचारलं. जेवला का म्हणून.”

मी काही बोललो नाही. असे प्रसंग मला बोलूनच बिघडवता येतात, आणि त्या दिवशी मी बिघडवला नाही, एवढं श्रेय मला द्या.

डब्याच्या सुट्टीत सगळे बसले होते. त्यानं चहा मागवला, पहिला कप माझ्यापुढं सरकवला. मी कप उचलला तसा तो म्हणाला:

“थांब. दूध तपासलंय का? निवू दे जरा, फादर.”

सगळ्यांना हसू फुटलं. मी पण हसलो, चहा सांडेपर्यंत हसलो. आठवडाभरानं कुणीतरी मला फादर म्हणालं होतं. पाळकांचा आशीर्वाद घेतानाही मला कधी इतकं हलकं वाटलं नव्हतं.

“आन् ऐक,” तो म्हणाला, “आबा म्हणतो, गोष्ट बराबर हाय. नव्व्याण्णव वाघरीत असत्यात.”

“मग देव हौशी नाही ना?”

त्यानं लॅबच्या उघड्या दारातून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं एक नजर टाकली, भाकरीचा तुकडा मोडला आणि बराच विचार करून म्हणाला, “मेंढपाळ आसंल. पर झगा त्येवढा बदलाय सांग.”